नागपूरला पाठवायचं, तर सोबत कोण?

आरमोरीच्या आमच्या दवाखान्यातून रोगी नागपूरला पाठवायचा म्हणजे दोन कामं असत. चिठ्ठी लिहिणं हे डॉक्टरांचं काम, आणि चिठ्ठीसकट रोगी नागपूरला पोचेल असं बघणं हे माझं. डॉक्टर म्हणजे माझे यजमान. मी त्यांना घरातही डॉक्टरच म्हणत असे. त्यांना त्याची सवय होती आणि माझा एक शब्द वाचत होता.

चिठ्ठीचं काम सोपं. रोग काय वाटतो, आजवर काय दिलं, त्यानं काय झालं नाही, आणि शेवटी 'कृपया तपासून पुढील उपचार करावेत'. डॉक्टर ती इंग्रजीत लिहीत, म्हणून वाटेत ती कोणी वाचत नसे. पोचवण्याचं काम मात्र लांबलचक होतं. वडशापर्यंत बैलगाडी, मिळाली तर मोटार. वडशाहून छोटी रेल्वे. नागभीडला उतरून नागपूरची दुसरी छोटी रेल्वे. नागपुरात टांगा. आणि या प्रत्येक ठिकाणी रोगी गळण्याची सोय होती. हर्नियाचा एक रोगी नागभीडला बहिणीकडे जेवायला उतरला, तिथं त्याला बरं वाटलं, आणि तो तसाच परत आला. दुसऱ्याला वडशाच्या बाजारात बैलजोडी पसंत पडली. तो गेलाच नाही.

म्हणून निघणाऱ्या रोग्याला काय काय विचारायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. अंथरूण घेतलं का, तांदूळ घेतले का, नागपुरात ओळखीचं कोणी आहे का, घरी मागे कोण आहे. त्यात पुढे आणखी एका प्रश्नाची भर पडली: सोबत कोण जाणार, आणि रोगी त्याच्याशी बोलतो का? आमच्याकडे काही महिने काम शिकायला आलेल्या एका तरुण डॉक्टरांना हा प्रश्न फार विनोदी वाटला. विनोदी नव्हता. तो कशानं आला ते लिहून ठेवते.

भाताच्या रोवणीचे दिवस होते. आरमोरीपासून गाडीवाटेनं दोन-तीन कोसांवरच्या गावातून एक शेतकरी आपल्या बायकोला घेऊन आला. बाई चाळिशीपुढची. तिचा डावा डोळा आदल्या पावसाळ्यात दुखून दुखून गेला होता. घरच्यांनी तो वाताचा म्हणून सोडून दिला होता. आता उजवा तसाच दुखू लागला होता. डोकं फुटल्यासारखं दुखे, ओकारी येई, आणि दिव्याकडे बघितलं की दिव्याभोवती रंगीत कडं दिसे.

डॉक्टरांनी तिला खाली बघायला सांगितलं आणि पापणीवरून दोन बोटांनी डोळा दाबून पाहिला. मग स्वतःचा पाहिला. मग मला बोलावून माझाही पाहिला. मी विचारलं, "काय झालं?"

"तुझा डोळा लिंबासारखा आहे. तिचा सुपारीसारखा."

डोळ्यातलं पाणी निचरा न होता तुंबलं होतं. काचबिंदू. असा गेलेला डोळा परत येत नाही. डॉक्टरांकडे थेंबांचं औषध होतं ते त्यांनी दिलं, त्यानं पाणी थोडं ओसरलं असतं, पण तो तात्पुरता बांध होता. खरा इलाज शस्त्रक्रियेचा, आणि ती नागपूरला. तीही लवकर. उशीर झाला तर बाई दोन्ही डोळ्यांनी आंधळी होणार, हे डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला स्पष्ट सांगितलं.

नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हे भाऊले सांगा जी."

भाऊ म्हणजे त्याचा मोठा भाऊ. तो बाहेर अंगणात निंबाखाली बसला होता. दोघा भावांचं घर एकत्र होतं आणि कामाची वाटणी पक्की होती. धाकट्याकडे चिखल, मोठ्याकडे कागद. तहसील, पटवारी, जंगलखातं, एकदा तर जमिनीच्या अपिलासाठी नागपूरचं कोर्ट, सगळीकडे मोठाच जाई. त्याची बायको वारली होती, त्यामुळे घर ही बाईच चालवत होती. डॉक्टर अंगणात गेले, भाऊंना पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं आणि चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. भाऊंनी ती दुपट्याच्या गाठीत बांधली आणि विचारलं, "किती वाजता उघडते दवाखाना?" प्रश्न व्यवहारी होता. मला माणूस आवडला. मी त्यांना गाड्यांच्या वेळा सांगितल्या, माझ्या माहेरचा पत्ता सांगितला आणि निश्चिंत झाले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी भाऊ परत आले. डॉक्टर रोगी बघत होते. भाऊ दारातूनच म्हणाले, "काम झालं जी."

"ऑपरेशन झालं? एवढ्यात?"

"ऑपरेशन नाई. चश्मा देल्ला."

डॉक्टरांनी हातातली नळी खाली ठेवली. "बाई कुठं आहे?"

"घरी हाये. रोवणारनींच्या भाकरी करून राह्यली."

"नागपूरहून कधी आली?"

"ते कायले जाते नागपूरले? मी गेलतो ना."

बाकावरचा खोकल्याचा रोगीसुद्धा खोकायचा थांबला.

"मग तिथं डोळा कोणाचा तपासला?"

"माह्या."

भाऊंनी सगळं सविस्तर सांगितलं. पहाटे जाऊन रांगेत पहिला नंबर लावला. चिठ्ठी दिली. पुकारा झाला तेव्हा बाईचंच नाव पुकारलं, मग हे उभे राहिले. आतल्या तरुण डॉक्टरनं चिठ्ठी बाजूला ठेवली, यांना खुर्चीवर बसवलं, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, काचा बदलून बदलून पाहिल्या आणि चष्मा लिहून दिला. "मानूस चांगला होता," भाऊ म्हणाले. "चश्मा मी तिथूनच बनवून आनला."

"अहो, दुखणं तिचं! तुम्ही कसे गेलात?"

"डॉक्टरसाहेब, तिच्या नावावरची बांधी फेरफार केली तवा मीच गेलतो. साक्षीले मी गेलतो. बाईमानसाले कचेरीत कोन नेते? तिले कायले तरास?"

डॉक्टर आत येऊन पाणी प्यायले आणि मला म्हणाले, "तू बोल."

मी आधी बाईला बोलावणं पाठवलं. ती आली ती चष्मा लावून. कानामागे दोरा बांधला होता. मी विचारलं, "दिसतं का यातून?"

"चांगलं दिसते जी."

मी तिच्यापुढे हात धरला. तिला बोटं सांगता आली नाहीत. चष्मा काढला तर दोन सांगितली. मी म्हटलं, "मग चांगलं दिसतं काऊन म्हणता?"

"मोठ्यायनं आनला ना," ती म्हणाली. आणि चष्मा पुन्हा लावला.

डॉक्टरांनी डोळा दाबून पाहिला. थेंबांनी थोडं ओसरलं होतं, ते पुन्हा चढलं होतं. त्यांनी थेंब वाढवले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "आठवडाभरसुद्धा थांबायला नको."

म्हणजे आता बाईनं स्वतः जायचं. मी ओसरीवर भाऊंना बसवलं आणि एकेक अडचण काढत गेले. नवरा नेईल का? नाही. बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, चिखल झाला होता, रोपं उपटून ठेवली होती, रोवणारणी ठरल्या होत्या. तो गेला असता तर वर्षाचा तांदूळ गेला असता. शिवाय तो वडशाच्या पलीकडे कधी गेला नव्हता. मुली? दोन, दोन्ही सासरी, दोघींच्याही घरी रोवणीच. गावातलं दुसरं कोणी? नागपूर पाहिलेला माणूस गावात एकच, आणि तो माझ्यासमोर बसला होता.

"मग तुम्हीच न्या तिला, भाऊ."

भाऊंनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, काही तरी अश्लील बोलून गेले.

"मी भासरा हाओ, डॉक्टरीनबाई."

इथं सांगायला हवं. भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ, आणि त्या घरांमधून भासऱ्याशी भावजय बोलत नाही. त्याच्यापुढे उभी राहत नाही, त्याच्या बाजेवर बसत नाही, तो समोर आला की पदर नाकापर्यंत ओढते. त्याच्या अंगाला हात लागला तर आंघोळ करते. भांडण नसतं, रागही नसतो. तो मान असतो. ही बाई वीस-बावीस वर्षं त्या माणसाचं जेवण रांधत होती आणि त्यानं तिचा आवाज फक्त भिंतीपलीकडून ऐकला होता. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं वेगळं आणि रेल्वेच्या प्रवासाशी त्याचा संबंध जोडणं वेगळं.

भाऊंनी तो जोडला होता. "समजा, मी नेलं. ते बायकायच्या डब्यात बसंल, मी मर्दायच्या. नागभीडले गाडी बदलाची. तिले उतर म्हनून कोन सांगंल? तिचं नाव मी घेत नाई, ते माह्याशी बोलत नाई. मी काय बायकायच्या डब्यापाशी जाऊन नुसताच उभा राहू? पोलिस पकडंल."

"खरं आहे," मी म्हटलं.

"आन दवाखान्यात डॉक्टर तिले पुसंल, काय होते. मी तिथं उभा. ते तोंड उघडंल का? नाई. मंग मी एकटाच गेलो तर काय बिघडलं? दोघं जाऊन मीच बोलनार, तर एकाचं भाडं वाचलं ना."

त्या माणसानं सगळा विचार केला होता. एकच गोष्ट त्याच्या हिशोबातून सुटली होती, की डोळा चिठ्ठीबरोबर पाठवता येत नाही.

मी ठरवलं, आपणच जायचं. माझं माहेर नागपूरला, मोठ्या दवाखान्यापासून जवळ. मुलांना शेजारी सोपवलं, डॉक्टरांना डाळ-भाताचं कुठं काय ठेवलंय ते दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी निघालो. बैलगाडीत भाऊ पुढे, गाडी हाकणाऱ्या धुरकऱ्याशेजारी, तोंड बैलांकडे. बाई मागच्या कडेला, तोंड मागच्या रस्त्याकडे. मधे मी, तांदळाची पिशवी आणि थेंबांची बाटली. भाऊ पुढे बघत म्हणत, "डॉक्टरीनबाई, तिले म्हना नाला आला, घट्ट धरा." मी तिला सांगायची. तिनं ते ऐकलेलंच असे. ती म्हणे, "त्यायले म्हना, धरलं." तेही त्यांनी ऐकलेलं असे. वडसा येईपर्यंत मी दोघांमधली चांगली सरावलेली तार झाले होते.

नागपूरच्या दवाखान्यात या वेळी आम्ही सरळ डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांसमोर गेलो. आमच्या डॉक्टरांनी नव्या चिठ्ठीत 'रोगी स्त्री आहे' हे वाक्य खाली रेघ मारून लिहिलं होतं. मोठे डॉक्टर गंभीर, घाईत असलेले. त्यांनी विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

बाईनं पदर ओढला. मागून भिंतीकडे तोंड करून भाऊ म्हणाले, "पोळ्याच्या आंधी एक डोळा गेला जी, आता—"

"डोळा हिचा दुखतो की तुमचा?"

बाजूला बसलेल्या तरुण डॉक्टरनं मान वर केली. "यांचं दुखत नाही, सर. यांना जवळचं दिसत नाही. यांना मी परवाच चष्मा दिलाय." मग त्यानं बाईच्या पदराखालून डोकावणारा चष्मा पाहिला आणि मान खाली घातली.

मी भाऊंना दाराबाहेर जायला सांगितलं. ते गेले. दार लागलं तशी बाई बोलायला लागली ती थांबेना. दुखणं कुठून सुरू होतं, कुठवर जातं, चुलीपाशी कसं वाढतं, दिव्याचं कडं, डावा डोळा जाताना पहिल्यांदा बाजूचं दिसेनासं झालं आणि आता उजव्याचं तसंच होत आहे, सगळं. आमच्या दवाखान्यातही तिनं इतकं सांगितलं नव्हतं. तिथंही भाऊ अंगणात होते आणि खिडकी उघडी होती. मोठे डॉक्टर लिहीत गेले. शेवटी म्हणाले, "उद्या सकाळी. दिसायचं राहील का, ते नक्की सांगत नाही. जेवढं उरलंय तेवढं टिकलं तरी पुष्कळ."

शस्त्रक्रिया झाली. दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून बाईला बायकांच्या वॉर्डात उताणं ठेवलं. हलायचं नाही, वाकायचं नाही, खोकायचं नाही. मी माहेरून पेज आणि भात नेऊन भरवत असे. भाऊ व्हरांड्यात मुक्कामाला होते. दिवसातून कितीदा तरी ते वॉर्डाच्या दाराशी येत. येताना खाकरत, घरात शिरताना खाकरतात तसे, बायकांनी सावरून बसावं म्हणून. खाकरलं की पट्टी बांधलेली बाई चाचपडत पदर ओढी. पट्टीवर पदर. नर्सनं हे पाहिलं आणि भाऊंना झापलं. "बाबा, पेशंटला हलवू नका म्हटलं ना! पुन्हा खोकलात तर फाटकाबाहेर काढीन." त्यानंतर भाऊ चपला व्हरांड्यात काढून आवाज न करता येऊ लागले, दारात उभे राहत, माझ्याकडे बघून हातानंच 'जेवली का' विचारत, आणि जात.

तिनं मला एकदाच विचारलं, "डॉक्टरीनबाई, अंधारच राह्यला तर?"

मी म्हटलं, "तेव्हाचं तेव्हा बघू."

"मले तवा काई बघता येनार नाई ना," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "दोन मानसायचं घर हाये. मी आंधळी झाली तर त्यायले कोन वाढंल?"

पट्टी काढायच्या दिवशी सकाळपासून झड लागली होती. मोठे डॉक्टर आले, तरुण डॉक्टर आले, नर्सनं खिडकीचा पडदा ओढला. पट्टी सुटली. बाईनं उजवा डोळा हळूहळू उघडला. पाणी वाहत होतं. मोठ्या डॉक्टरांनी हात पुढे धरला. "किती बोटं?"

ती बघत राहिली. बोलली नाही. आणि एकाएकी तिनं पदर ओढून नाकापर्यंत तोंड झाकलं.

"उजेड सोसत नाही," तरुण डॉक्टर म्हणाले. मोठ्या डॉक्टरांनी पदर बाजूला केला. तिनं पुन्हा ओढला. त्यांचा चेहरा उतरला. "काही दिसत नसावं," ते माझ्याकडे बघून हलक्या आवाजात म्हणाले. "घाबरली आहे."

मी मागे वळून पाहिलं. दारात भाऊ उभे होते. अनवाणी, न खाकरता, जसं सांगितलं होतं तसे.

"डॉक्टर," मी म्हटलं, "हिला दिसतंय."

"कशावरून?"

मी भासऱ्याचं सगळं सांगितलं. शक्य तितकं थोडक्यात. त्यांनी दाराकडे पाहिलं, पदराकडे पाहिलं. भाऊंना जायला सांगितलं. भाऊ गेले, पदर बाजूला झाला. बोटं विचारली, तिनं बरोबर सांगितली. भाऊंना परत बोलावलं. पदर पुन्हा नाकापर्यंत. मोठ्या डॉक्टरांनी हे आणखी एकदा करून पाहिलं. मग त्यांना कल्पना सुचली. लांबचं किती दिसतं ते तपासायला भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो, पण या बाईला अक्षरं येत नव्हती. त्यांनी वॉर्डाची दोन्ही दारं सताड उघडायला लावली आणि भाऊंना म्हणाले, "आमच्याकडे तोंड ठेवून मागं मागं जा."

भाऊंनी मला विचारलं, "काऊन जी?"

"जा म्हणतात तर जा, भाऊ."

भाऊ मागं मागं जाऊ लागले आणि बाई पदराच्या फटीतून बघत राहिली. दारातून व्हरांड्यात, पदर ओढलेलाच. व्हरांड्याच्या खांबापाशी, पदर ओढलेलाच. पायऱ्यांपाशी थांबून ते ओरडले, "डॉक्टरीनबाई, आनखी जाऊ का?" मोठ्या डॉक्टरांनी हातानं जा म्हटलं. भाऊ पायऱ्या उतरून अंगणात गेले, अंगण ओलांडून फाटकाकडे सरकले. तिथं बाईनं पदर तोंडावरून बाजूला सारला आणि मोकळा श्वास सोडला.

"इथपर्यंत दिसतं," मोठे डॉक्टर तरुण डॉक्टरांना म्हणाले. "त्यापुढे नाही. तरीही पुष्कळ आहे. लिहून घ्या."

तरुण डॉक्टर लिहू लागले. बाई फाटकाकडेच बघत होती. दोन्ही डॉक्टर ऐकत होते याचं भान तिला राहिलं नसावं, कारण ती चांगल्या मोठ्यानं मला म्हणाली, "डॉक्टरीनबाई, त्यायले आवाज द्या ना. डबक्यात उभे हायेत. धोतर सारं ओलं होऊन राह्यलं, आन मांगून सायकलवाला येऊन राह्यला."